तांबडी पेशी, जांभळा प्रकाश

शाळेच्या मैदानावर उन्हात उभे राहिल्यावर पाच-दहा मिनिटांतच "हात भाजताहेत" म्हणून रडणारे मूल बहुधा ढोंगी ठरते. हातावर फोड नसतो, चट्टा नसतो. फार तर थोडी सूज. परंतु क्वचित एखाद्या मुलाचे म्हणणे अक्षरशः खरे असते, आणि त्याचे कारण रक्तात असते.

रक्ताला रंग देणारे हीम आपल्या शरीरात आठ टप्प्यांत तयार होते. सातव्या टप्प्याअखेर प्रोटोपॉर्फिरिन नावाचा कड्यासारखा रेणू मिळतो. त्याच्या मध्यभागी लोहाचा अणू बसला की झाले हीम. लोह बसवण्याचे काम फेरोकिलेटेज हे विकर करते. जन्मतःच हे विकर अपुरे असेल तर लोहाविना राहिलेले प्रोटोपॉर्फिरिन तांबड्या पेशींत साचत जाते. मॅग्नस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये या विकाराचे वर्णन केले.

अशा रुग्णाच्या रक्तपेशी रक्ताइतक्याच खारट पाण्यात ठेवून त्यांवर सुमारे ४०० नॅनोमीटर तरंगलांबीचा जांभळा प्रकाश टाकला, की त्या फुटू लागतात. अंधारातल्या पेशी शाबूत राहतात. प्रकाश नेमके काय करतो? याचा छडा १९७३ मध्ये लमोला, यामाने आणि ट्रोझोलो यांनी लावला. हे तिघे अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतले, म्हणजे टेलिफोन कंपनीच्या पदरी असलेले शास्त्रज्ञ! प्रोटोपॉर्फिरिन प्रकाश शोषते आणि ती ऊर्जा जवळच्या ऑक्सिजनला देते. असा उत्तेजित ऑक्सिजन पेशीच्या पटलातील कोलेस्टेरॉलवर हल्ला करून त्याचे हायड्रोपेरॉक्साइड बनवतो. हेच संयुग निरोगी पेशींच्या पटलात मिसळले, तेव्हा त्याही नाजूक होऊन अखेर फुटल्या. दोषी कोण, याचा हा चांगलाच पुरावा होता.

मग असे रुग्ण रक्तक्षयाने पांढरेफटक पडायला हवेत. तसे सहसा होत नाही. रक्तक्षय असला तरी सौम्य असतो. कारण बरेचसे प्रोटोपॉर्फिरिन पेशीतून झिरपून रक्तद्रवात उतरते आणि त्वचेतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंतींपाशी पोचते. प्रकाशाचा मार तिथे बसतो. आग होते ती त्यामुळे.

पण एक कोडे उरलेच होते. शिशाची विषबाधा झालेल्यांच्या आणि लोहाची कमतरता असलेल्यांच्या रक्तातही प्रोटोपॉर्फिरिन वाढलेले आढळे. त्यांना मात्र उन्हाचा त्रास नसे. १९७४ मध्ये लमोला आणि यामाने यांनी दाखवले, की या लोकांच्या पेशींतील रेणू मोकळा नसतोच. लोह न मिळाल्याने त्याच्या मध्यभागी जस्त बसलेले असते. जस्ताचा हा रेणू हीमोग्लोबिनमधील प्रथिनाला हीमच्याच जागी चिकटून राहतो, बाहेर झिरपत नाही. पूर्वीच्या तपासणीत हे कळले नव्हते, कारण रक्तातून रेणू वेगळा काढण्यासाठी आम्ल वापरत आणि त्या आम्लानेच जस्त निघून जाई. म्हणजे जो फरक शोधायचा, तोच पुसून टाकणारी पद्धत! विद्यार्थ्यांना प्रायोगिक चुकांविषयी सांगताना यापेक्षा चांगले उदाहरण मला तरी माहीत नाही.

प्रोटोपॉर्फिरिन वर्गात दाखवायचे असेल तर तपकिरी कवचाचे कोंबडीचे अंडे आणावे. त्याचा रंग याच रेणूचा असतो. अंधाऱ्या खोलीत नोटा तपासण्याचा अतिनील दिवा त्यावर धरला, की कवच लालसर चमकते. (दिव्याकडे थेट पाहू देऊ नये.) पांढरे अंडे शेजारी ठेवल्यास फरक लगेच कळतो.

४०० नॅनोमीटरचा प्रकाश साध्या काचेतून सहज आत येतो. म्हणून उन्हाची अशी तक्रार करणाऱ्या मुलाला वर्गातही बंद खिडकीजवळ बसवू नये, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालू द्यावा आणि पालकांना त्याला त्वचारोगतज्ज्ञाकडे न्यायला सांगावे.