लेकराला कराटेला घालताय? मग तुम्हीही सोबत उतरा! कुस्ती, लाठी, कराटेचा घराला काय फायदा, समजून घ्या

हिंगोली : शाळा सुटली की दप्तर कोपऱ्यात आणि मोबाईल हातात. माय-बाप वावरातून येतात ते दिवस मावळल्यावर. घरात चार माणसं, पण बोलणं जेवणापुरतं. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ, तालुका कोणताही असो, बहुतेक घरांत हेच चित्र. अशात व्हॉट्सॲपवर कराटे क्लासची जाहिरात येते आणि प्रश्न पडतो, लेकराला घालावं का? पोरगं मारामारी तर शिकणार नाही? पैसे वाया तर जाणार नाहीत?

आपल्याकडं हे नवीन नाही

मार्शल आर्ट म्हटलं की कराटे, तायक्वांदो डोळ्यांसमोर येतं. पण कुस्ती आणि लाठी हीसुद्धा लढण्याचीच कला. शेजारच्या नांदेडला होला मोहल्ल्यात शीख बांधव गतका खेळतात. हाच गतका २०२२ मध्ये पंचकुला इथं झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धेतही होता. जत्रेतल्या कुस्त्यांच्या फडात लहान पोरांच्या कुस्त्या आधी लागतात, त्या रेवड्यांवर आणि नारळावर. बाप कडेला उभा राहून डाव सांगतो. आखाड्याच्या लाल मातीत तेल, ताक, लिंबासोबत हळदही पडते, आणि हळद तर आपल्या जिल्ह्याचं पीक.

घरातून पैलवान घडल्याची उदाहरणंही मोठी आहेत. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक पदक. त्यांचे वडील दादासाहेब स्वतः पैलवान होते आणि पहिले धडे त्यांनीच दिले. आपल्या मराठवाड्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण जिंकून आला. त्याचाही पहिला वस्ताद वडीलच. प्रत्येक लेकरू पदक आणणार नाही. पण ज्याच्यासोबत माय-बाप उभे असतात, ते लवकर सोडून देत नाही.

सोबत केल्यानं काय बदलतं?

पहिली गोष्ट, लेकरू ऐकून कमी आणि बघून जास्त शिकतं. "मोबाईल ठेव" असं दहादा सांगण्यापेक्षा बापानं स्वतःचा मोबाईल खुंटीला लावून वीस बैठका काढल्या, तर ते लगेच कळतं.

दुसरी, इथं बाप हरू शकतो. दहा वर्षांची पोरगी लाठी झपाझप फिरवते आणि बापाच्या हातून ती निसटते. दोघं हसतात. जी पोरगी एरवी घाबरून बोलत नाही, ती बापाला "असं नाही, असं धरा" सांगते. पुढं शाळेच्या रस्त्यावर कुणी त्रास दिला, तर ती घरी येऊन सांगण्याची शक्यता वाढते. स्वसंरक्षणात डावापेक्षा हे सांगणं मोठं.

तिसरी, जोडीदाराला लागू नये म्हणून हात आवरावा लागतो. कुस्तीआधी सलामी, नंतर हातमिळवणी. हरलो तरी उठायचं, जिंकलो तरी माजायचं नाही.

"आम्ही दिवसभर राबतो, अजून व्यायाम कशाला?" असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. पण इथं नुसता घाम गाळायचा नाही, लेकरासोबत अर्धा तास द्यायचा आहे. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटं चांगल्या हालचालीची शिफारस करते. माय-बाप ऊसतोडीला गेले असतील, तर आजोबांनी ओट्यावर बसून नातवाचे जोर मोजले तरी लेकराला सोबत मिळते.

पोरगं भांडखोर होईल का?

ते शिकवणाऱ्यावर आहे. अमेरिकेत मायकेल ट्रलसन यांनी १९८६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. वाट चुकलेल्या मुलांचे तीन गट केले. एका गटाला तायक्वांदोसोबत ध्यान, आदर आणि शिस्त शिकवली. दुसऱ्याला फक्त लढण्याचे डाव. तिसऱ्याला धावणं, बास्केटबॉल. सहा महिन्यांनी पहिल्या गटातला आक्रमकपणा कमी झाला, दुसऱ्यातला उलट वाढला. गट लहान होते, पण आपले जुने वस्ताद हेच सांगत आले : शिस्तीशिवाय डाव देऊ नये.

क्लास निवडताना हे बघा

• आधी दोन-तीन दिवस कडेला बसून बघा. पालकांना बसू न देणारा क्लास नको.
• शिव्या, मारहाण, उपाशी ठेवून वजन उतरवणं दिसलं, तर लेकरू काढून घ्या.
• पडायचं कसं, हे आधी शिकवतात का ते विचारा. डोक्यावर मार देणारा सराव लहानांना नको.
• दमा, हृदयाचा त्रास किंवा जुनं फ्रॅक्चर असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.
• मातीतून किंवा मॅटवरून आल्यावर लगेच आंघोळ. एकमेकांचा टॉवेल वापरला की नायटा पसरतो.
• मुलींसाठी शक्यतो महिला प्रशिक्षक असावी. काही गैर वाटलं तर चाइल्डलाइन १०९८ वर फोन करा, तो मोफत आहे.
• "बेल्ट घ्या, नोकरी पक्की" याला भुलू नका. राज्य शासनाच्या नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. पण त्यासाठी मान्य खेळ, ठरलेल्या दर्जाची स्पर्धा आणि प्रमाणपत्राची क्रीडा खात्याकडून पडताळणी लागते. शंका असेल तर जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारा.

पैसे नसतील तर?

समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळेतल्या सहावी ते बारावीच्या मुलींसाठी तीन महिन्यांच्या स्वसंरक्षण प्रशिक्षणाची तरतूद आहे. आपल्या शाळेत ते झालं का, हे मुख्याध्यापकांना किंवा शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विचारा. विचारणारे पालक असले की काम हलतं.

घरी सुरुवात करायला एक बांबूची काठी आणि अंगणाची जागा पुरते. आठवड्यातून तीन दिवस अर्धा-अर्धा तास : आधी अंग मोकळं करणं, मग जोर-बैठका, मग काठी फिरवणं, शेवटी पाच मिनिटं शांत बसणं. काठी फिरवताना दोघांत अंतर ठेवा आणि डाव मात्र जाणकाराकडूनच शिका. गावात एखादे जुने पैलवान असतीलच. लेकराचा हात धरून त्यांच्याकडं जा. आणि त्याला सोडून परत फिरू नका, तुम्हीही थांबा.