पुन्हा निघालेल्या आणि कधीच न निघालेल्या तबकड्या

जुन्या तबकड्या नव्यानं काढण्याचा धंदा सध्या जगभर तेजीत आहे आणि त्यात आपल्याकडचा माल कमी नाही. जॅझ, सोल, फंक ही मुळात कृष्णवर्णीय अमेरिकनांची संगीतं. पण 1935 साली लिऑन ॲबीचा वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला आणि गोव्याच्या वादकांनी ती विद्या बघता बघता उचलली. त्यांच्यातलाच ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट पुढे सी. रामचंद्रांसाठी वाजवू लागला. 'अलबेला'च्या (1951) गाण्यांवर महाराष्ट्र नाचला त्यात त्याचा वाटा होता. आणि हे रामचंद्र, म्हणजे अण्णा चितळकर, नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकलेले. आमच्या गोंदियाहून नागपूर दोन-अडीच तासांवर, म्हणजे विषय तसा घरचाच.

शंकर-जयकिशनची 'रागा जॅझ स्टाइल' (1968) आता पुन्हा तबकडीवर मिळते. अकरा राग, रईस खाँची सतार आणि भोवती जॅझची मंडळी. खाँसाहेबांची सतार मोकळी फिरते. बाकीचे मात्र समोरच्या कागदावरून वाजवल्यासारखे वाटतात. जॅझचा जीव उपजेत असतो, तो इथे अर्धाच भेटतो. तरी ऐकावीच.

चरणजित सिंग यांची गोष्ट अधिक गमतीची. हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांत वाजवणाऱ्या या वादकानं 1982 मध्ये रोलँडच्या तीन यंत्रांवर दहा राग डिस्को ठेक्यात बांधले. तबकडी कुणी फारशी घेतली नाही. 2010 मध्ये एका डच संग्राहकानं ती पुन्हा काढली आणि शिकागोच्या ॲसिड हाउस या यांत्रिक नाचसंगीताचा जनक म्हणून त्यांचा गवगवा झाला. तिथल्या पोरांनी ती ऐकली होती असा पुरावा नाही, तेव्हा 'जनक' हे जरा जास्तच झालं. शिवाय दहाही राग एकाच चालीच्या ठेक्यावर. चौथ्या-पाचव्यानंतर कान थकतो. रूपा बिस्वास यांची 'डिस्को जॅझ' (1982) मला त्याहून उजवी वाटते. कॅनडात ध्वनिमुद्रित झालेली, आशिष खाँच्या सरोदची ही बंगाली तबकडी शिकागोच्या न्यूमेरो ग्रुपनं 2019 मध्ये पुन्हा बाहेर आणली.

सगळ्यांत वरचढ आशा पुथली. मुंबईची ही मुलगी जॅझवाल्या ऑर्नेट कोलमनच्या 'सायन्स फिक्शन' या तबकडीत दोन गाणी गायली, तीही कोलमनसारख्या भल्याभल्यांना चकवणाऱ्या माणसाबरोबर. 1976 च्या 'द डेव्हिल इज लूज'मधलं तिचं 'स्पेस टॉक' न्यूयॉर्कच्या नाचघरांत वाजलं, पुढे रॅपवाल्यांनी त्याचे तुकडे उचलले. तिच्या गाण्यांचा निवडक संच 2022 मध्ये निघाला. एकच घ्यायचा तर हा घ्या.

कल्याणजी-आनंदजींच्या मारधाडपटांचं संगीत घेऊन अमेरिकेत काढलेला 'बॉम्बे द हार्ड वे' मात्र मला मुळीच आवडला नाही. मूळ वादनावर परका ठेका चढवला आणि गाण्यांना थट्टेखोर नावं दिली. फंकमध्ये सगळा भार पहिल्या मात्रेवर, आपल्या समेसारखा. जेम्स ब्राउननं बँडला तेच शिकवलं. आपल्या वादकांना ती सम सापडलेली होती, वरून आणखी ठोकायची गरज नव्हती. कोकणीत उलट उदाहरण आहे. संगीतकार ख्रिस पेरी आणि गायिका लॉर्ना यांची गाणी 'नाचूं-या कुंपासार' (2014) या चित्रपटासाठी मायेनं नव्यानं बांधली गेली.

या सगळ्यात एक रड कायम आहे. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत संगीतकाराचं नाव, वाजवणारे मात्र निनावी. नरेश फर्नांडिस यांच्या 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' (2012) या पुस्तकानं त्यातली बरीच नावं परत मिळवून दिली. पण तबकडी होती म्हणूनच ना कुणी वाजवणाऱ्याचा शोध घेतला?

कधीच न निघालेल्या तबकड्या आमच्याकडच्या. भाऊबीजेपासून इथे मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते आणि पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात. रात्रभर ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड, गाणं सगळं समोर, जिवंत. वरातीतला धुमाळ बँड तर असा घुमतो की पाय आपोआप थिरकतात. 2023 मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, नटाची दखल घेतली गेली. ऑक्टोपॅडवाल्याचं नाव पोस्टरवरही शोधावं लागतं. वडशाच्या नाटक कंपन्यांना आणि गोंदिया-भंडाऱ्याच्या मंडई मंडळांना एवढीच विनंती : या हंगामात एक तरी प्रयोग नीट ध्वनिमुद्रित करा आणि त्यावर प्रत्येक वादकाचं नाव, गाव आणि तारीख लिहा.