पडघ्याला विरणारं गाणं

आटगावच्या फाट्यावरून एक जुनी जीप मुंबईच्या दिशेनं निघते. गाडीच्या टेपमध्ये रेडिओ आणि कॅसेट एवढंच आहे; ब्लूटूथ नाही, यूएसबी नाही. म्हणून लायटरच्या सॉकेटमध्ये बोटाएवढा एफएम ट्रान्समीटर खोचलेला. मोबाइल गाणं त्याला देतो, तो ते रेडिओला देतो. आसनगावपर्यंत सगळं सुरेल. वासिंद मागं पडलं की खरखर सुरू होते. पडघ्याच्या आसपास कडव्याच्या मधोमध कुठल्या तरी दागिन्यांच्या दुकानाची जाहिरात घुसते आणि भिवंडी बायपासला फक्त जाहिरातच उरते. परतीच्या वाटेवर याच्या उलट घडतं. वासिंद ओलांडलं की गाणं आपोआप परत येतं.

चालक दोष देतात त्या स्वस्तातल्या यंत्राला. दुसरं आणतात, तेही पडघ्यालाच मान टाकतं. यंत्रात बिघाड नसतो. जे घडतं त्याचं कारण समजायला शाळेतला भागाकार आणि वर्गमूळ पुरतं, आणि ते समजलं की शहापूर-मुरबाडकडच्या कितीतरी धडधाकट गाड्यांमधले चालू टेप उगाच भंगारात जायचे वाचतील. माझा सगळा खटाटोप त्यासाठीच आहे.

मुंबईतल्या एखाद्या एफएम केंद्राची शक्ती १० किलोवॅट धरू. लायटरमधल्या ट्रान्समीटरची किती? युरोपात अशा यंत्रांना ५० नॅनोवॅटची मर्यादा आहे. म्हणजे एका वॅटचे दोन कोटी भाग केले तर त्यातला एक. आपल्याकडच्या खोक्यांवर हा आकडा बहुधा छापलेला नसतो, म्हणून हिशेबापुरता हाच घेऊ. दोघांच्या शक्तीत वीस हजार कोटी पटींचा फरक आला. पण केंद्र कित्येक किलोमीटर दूर आहे आणि ट्रान्समीटर अँटेनापासून जेमतेम मीटरभर. मोकळ्या अवकाशात लहरींची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. केंद्र वरळीत आहे असं धरलं तर तिथून पडघा सरळ रेषेत सुमारे ५४ किलोमीटर, म्हणजे ५४ हजार मीटर. त्याचा वर्ग करून वीस हजार कोटींना भागा. मुंबईचं केंद्र पडघ्यात तरीही जवळपास सत्तर पट वरचढ निघतं. ठाण्यात तर तीनशेच्या आसपास. तिथं जीपमधलं गाणं हरणारच.

आता हाच हिशेब आटगावला लावा. वरळी ते आटगाव सरळ रेषेत साधारण ७५ किलोमीटर. भागाकार केला की मुंबई पस्तीस पट वरचढ! नुसत्या अंतराच्या हिशेबानं आटगावातही गाणं हरायला हवं. प्रत्यक्षात ते हरत नाही, याचं कारण पृथ्वी गोल आहे.

एफएमच्या लहरी दिसण्याच्या रेषेत जातात. वातावरणामुळं त्या किंचित खाली वाकतात, त्यामुळं नजरेच्या क्षितिजापेक्षा थोड्या पुढं पोचतात, इतकंच. मनोऱ्याच्या उंचीचं मीटरमधलं वर्गमूळ काढून त्याला ४.१२ नं गुणलं की लहरींचं क्षितिज किलोमीटरमध्ये मिळतं. वरळीचा दूरदर्शनचा मनोरा ३०० मीटर उंच आहे. तेवढ्या उंचीवरून निघालेल्या लहरीचं क्षितिज येतं सुमारे ७१ किलोमीटर. जीपची अँटेना जमिनीपासून दीड मीटरवर, तिच्या वाट्याचे आणखी पाच. एकूण ७६. आटगाव ७५ वर! मुंबईच्या लहरी आटगावात जमिनीला घासत येतात, आणि असं घासत जाताना, गोलावर एकही टेकडी नाही असं मानलं तरी, मोकळ्या अवकाशातल्या तीव्रतेचा जेमतेम शंभरावा हिस्सा उरतो. मुंबई पस्तीस पट वरचढ होती, ती शंभरानं भागली गेली. ट्रान्समीटर जवळपास तिपटीनं जिंकला. शिवाय वाटेत पारसिकचे डोंगर आहेत, इकडं पश्चिमेला माहुली उभा आहे. आटगाव समुद्रसपाटीपासून थोडं उंचावर असल्यानं मुंबईला जो काही फायदा मिळतो, तो हे डोंगर खाऊन टाकतात.

उलट बाजूला जा. कसाऱ्याचा घाट चढून सह्याद्रीच्या पश्चिम कड्यावर, कोकण जिथून मोकळं दिसतं अशा जागी उभे राहिलात, तर मुंबई आणखी दूर गेलेली असूनही तिचं केंद्र पुन्हा टप्प्यात येतं. ६०० मीटर उंचीचं स्वतःचं क्षितिजच शंभर किलोमीटरचं. मुरबाडवरून माळशेजला चढणाऱ्यांनाही हाच अनुभव यायला हवा. पायथ्याच्या गावात रेडिओ मुका आणि घाटमाथ्यावर मुंबई खणखणीत, यात नवल काही नाही. थंडीतल्या काही पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि वरची ऊबदार असते, तेव्हा लहरी नेहमीपेक्षा जास्त वाकतात आणि आटगावातही परकी केंद्रं डोकावून जातात. त्या सकाळी ट्रान्समीटर खरखरला तर त्याला नावं ठेवू नयेत.

दुसरा प्रश्न जास्त गमतीचा आहे. तिपटीच्या फरकानं एवढं स्वच्छ गाणं कसं? मागं मुंबईचं केंद्र हळू आवाजात ऐकू यायला नको का? मध्यम लहरींवर तसं होतं. रात्री आकाशवाणीची ‘अस्मिता’ वाहिनी लावली की तिच्यामागं कुणीतरी दुसरंच बोलताना ऐकू येतं. तिथं आवाज लहरीच्या उंचीत भरलेला असतो, आणि दोन लहरी आल्या की उंच्यांची बेरीज होते. एफएममध्ये आवाज लहरीच्या वारंवारतेत भरलेला असतो. ती दर सेकंदाला किती वेळा हेलकावते, हे कमीजास्त करून गाणं लिहिलं जातं. रेडिओ आत आलेल्या लहरीची उंची आधीच कापून सारखी करतो आणि फक्त हेलकावे मोजतो. दोन लहरी एकत्र आल्या तर हेलकाव्यांची गणती मोठी लहर ठरवते; धाकटी तिला जराशी मागंपुढं ढकलते, गणती बदलू शकत नाही. म्हणून मोठी लहर धाकटीला जवळजवळ पुसून टाकते. दोघी तुल्यबळ झाल्या की मात्र क्षणात ही, क्षणात ती. वासिंद ते पडघ्याच्या पट्ट्यात जीपमध्ये ऐकू येतो तो हाच झगडा. दर वळणावर, दर ट्रकच्या आडोशानं पारडं बदलतं.

ही किमया एडविन आर्मस्ट्राँग या अमेरिकी अभियंत्याची. विजेच्या कडकडाटानं रेडिओ खराब होतो, कारण वीज लहरीची उंची बिघडवते. मग आवाज उंचीत ठेवायचाच कशाला, हा त्याचा विचार. १९३३ साली त्याला पेटंटं मिळाली, नोव्हेंबर १९३५ मध्ये न्यूयॉर्कला अभियंत्यांच्या सभेत त्यानं जाहीर प्रात्यक्षिक दाखवलं. पुढं मोठ्या कंपन्यांशी पेटंटांचे खटले लढता लढता तो खचला आणि १९५४ च्या जानेवारीत त्यानं आयुष्य संपवलं. त्याची पत्नी मॅरियननं ते खटले पुढं चालवले आणि जिंकले. जुलैच्या रात्री माहुलीवर विजा नाचत असताना जीपमध्ये गाणं खड्याविना वाजतं, ते या माणसामुळं. त्याचं नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत मार्कोनीइतकंच ठळक असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

या सगळ्यातून चालकाच्या हाती काय लागतं? आटगावात बसून रिकामी वारंवारता निवडू नका. तिथं जवळपास सगळ्याच रिकाम्या वाटतात. ठाण्याला गेल्यावर निवडा. मुंबईची केंद्रं ९१.१, ९२.७, ९३.५, ९८.३ अशी विखुरलेली आहेत. ८८ ते ८९.५ मेगाहर्ट्झचा खालचा पट्टा बहुधा मोकळा सापडतो. दोन्ही बाजूंचं केंद्र निदान अर्ध्या मेगाहर्ट्झनं लांब असावं, कारण जुन्या टेपला शेजारचं केंद्र नीट गाळता येत नाही. गाडीवरची काठीसारखी अँटेना साधारण पाऊण मीटरची असते. एफएमची लहर तीन मीटर लांब, तिचा हा चौथा हिस्सा. ती तुटलेली असेल तर बाहेरचं केंद्र आणि आतला ट्रान्समीटर दोघंही अशक्त होतात. रेडिओवर मोनोचं बटण असेल तर दाबा. स्टिरिओसाठी डाव्या-उजव्या बाजूंतला फरक ३८ किलोहर्ट्झच्या उपलहरीवर लादलेला असतो आणि खरखर सर्वात आधी तिलाच पकडते. मोनो केलं की दोन बाजू एक होतात, पण गाणं थोडं जास्त तग धरतं.

आजकालच्या ट्रान्समीटरवर ब्लूटूथ लिहिलेलं असतं, त्यानं गैरसमज होतो. ब्लूटूथ फक्त मोबाइलपासून ट्रान्समीटरपर्यंत. त्या हातभर टप्प्यात अडचण येत नाही, कारण ब्लूटूथ ७९ वाहिन्यांवरून सेकंदाला १६०० उड्या मारत जातो आणि अडथळा चुकवतो. तिथून टेपपर्यंतचा प्रवास जुन्याच एफएमनं. पडघ्याचा भागाकार टळत नाही.

ज्यांच्या टेपला ऑक्सचं छिद्र आहे त्यांनी हवेच्या भानगडीत पडूच नये. ३.५ मिलिमीटरची पिन घालावी आणि मोकळं व्हावं. ज्या मोबाइलला ते छिद्रच नाही, त्याला टाइप-सीचा जोड लागतो. जोडात अंकांचा आवाज करणारी चिप आहे का, हे घेण्याआधी आपल्याच मोबाइलवर लावून बघावं. पण ऑक्सवाल्यांची एक हमखास तक्रार असते. गाणं चालू असताना मागून बारीक शिट्टी येते, आणि ॲक्सिलरेटर दाबला की ती चढते. मोबाइल त्याच वेळी लायटरमधून चार्ज होत असेल तरच हे होतं, यात तिचं मूळ आहे.

शिट्टी अल्टरनेटरची. ज्याला आपण गाडीचा डायनॅमो म्हणतो तो हाच; तो खरं तर उलटसुलट वाहणारी तीन फेजची वीज बनवतो आणि डायोड ती एका दिशेला वळवतात. वळवलेल्या विजेवर लहान लहान लाटा राहतात. इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल आणि पुलीमुळं अल्टरनेटर अडीच पट फिरत असेल, तर त्याचे सेकंदाला तेहेतीस फेरे होतात. बारा ध्रुवांच्या अल्टरनेटरमध्ये दर फेऱ्याला छत्तीस लाटा. म्हणजे सेकंदाला १२०० लाटा, मानवी कानाला अगदी स्पष्ट ऐकू येणारा सूर. इंजिन तिप्पट फिरलं की सूर ३६०० वर. एरवी या लाटा टेपच्या आत गाळल्या जातात. पण चार्जरची अर्थिंग आणि ऑक्सच्या तारेची अर्थिंग गाडीच्या पत्र्याला दोन वेगळ्या ठिकाणी भेटते, त्या दोन ठिकाणांत किंचित व्होल्टेजचा फरक असतो, आणि तो फरक ऑक्सच्या तारेतून गाण्यात मिसळतो. चार्जर काढा, शिट्टी बंद. लांबच्या प्रवासात काढणं शक्य नसेल तर ग्राउंड लूप आयसोलेटर म्हणून छोटी डबी मिळते. तिच्यात दोन चिमुकले ट्रान्सफॉर्मर असतात. गाणं चुंबकीय क्षेत्रातून पलीकडं जातं, तारेची जोड तुटते.

हीच युक्ती कॅसेटच्या अडॅप्टरमध्ये आहे, आणि टेपची कॅसेट चालू असेल तर माझी पहिली पसंती त्यालाच. दिसायला साधी कॅसेट, शेपटीला तार. आत फीत नाही. एरवी ३.८१ मिलिमीटर रुंदीची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर वेगानं टेपच्या हेडसमोरून सरकते, तिच्यावरचं चुंबकत्व बदलत जातं आणि हेडच्या गुंडाळीत वीज उठते. फॅरडेनं १८३१ साली शोधलेला नियम. अडॅप्टरमध्ये फितीच्या जागी दुसरं हेड असतं, बरोबर समोरासमोर. मोबाइलमधली वीज त्यातून वाहते, तिचं चुंबकीय क्षेत्र केसाएवढं अंतर ओलांडून टेपच्या हेडमध्ये पोचतं. दोन हेड मिळून एक ट्रान्सफॉर्मर झाला. हवेतल्या कुठल्याही केंद्राचा इथं संबंध नाही. पडघा काय नि वरळीच्या मनोऱ्याची सावली काय, गाणं तेच.

आवाज दबका आला तर हेडवर वर्षानुवर्षांच्या फितींची तांबूस पूड बसलेली असते. कानकाडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसावी. डॉल्बीचं बटण असेल तर बंद ठेवावं, नाहीतर वरचे सूर उगाच छाटले जातात. मोबाइलचा आवाज पाऊणच्या आसपास ठेवून उरलेला टेपनं वाढवावा. मोबाइल पूर्ण चढवला की हेड भरून जातं आणि आवाज फाटतो.

अडॅप्टरमध्ये दातेरी चक्रं फिरत असतात, त्यांची टकटक अनेकांना खटकते. गाण्याशी त्यांचा काही संबंध नाही. टेपला फीत अडकल्याचा संशय आला तर तो कॅसेट बाहेर फेकतो. चक्रं फिरती ठेवून त्याची समजूत घातलेली असते. यातूनच जुन्या टेपवाल्यांचा मोठा फायदा होतो. मोटर थकली, रबरी बेल्ट सैल पडला की कॅसेटमधला गायक जड, खर्जात गायला लागतो, कारण फितीचा वेग हाच सुराचा वेग असतो. अडॅप्टरला फीतच नाही. मोटर हळू फिरो की धडपडत फिरो, मोबाइलचं गाणं आपल्या पट्टीत राहतं. कॅसेट वाजवायला निकामी ठरवलेला टेप मोबाइलसाठी अजून पुरता कामाचा असतो. चक्रं पूर्णच थांबायला लागली तरच बेल्ट बदलावा. नवा बेल्ट आणताना जुना सोबत न्यावा, आणि ताणलेला जुना नव्यापेक्षा नेहमी थोडा मोठा भरतो हे धरून, त्याहून किंचित लहान घेराचा घ्यावा.