ब्रेकवर पाय, मगच गिअर

साठी ओलांडलेले एक निवृत्त गुरुजी ओपीडीत मधुमेहाच्या तपासणीला आले आणि साखरेऐवजी गाडीचीच तक्रार सांगू लागले. "डॉक्टरसाहेब, पोरानं ऑटोमॅटिक गाडी घेऊन देल्ली, पन दांडा 'पी'तून हालतच नाही जी!" ब्रेक दाबला होता का, असं विचारल्यावर गुरुजी नुसते हसले.

तो बिघाड नव्हता, कुलूप होतं. दांडा 'पी'वर असला की गिअरबॉक्समधल्या दातेरी चाकात एक खटका अडकतो आणि गाडी जागची हलत नाही. दांड्याच्या बुडाशीही एक खीळ असते. इग्निशन चालू करून ब्रेक दाबला की पेडलजवळच्या स्विचमधून इशारा जातो, विद्युतचुंबक खीळ ओढून घेतो आणि दांडा सुटतो. बहुतेक गाड्यांत तोच स्विच मागचा ब्रेक लाइट लावतो. म्हणून ब्रेक दाबूनही दांडा हलला नाही, तर आधी कुणाला तरी मागे उभं करून दिवा लागतो का ते पाहा. लागत नसेल तर फ्यूज किंवा स्विच गेलेला असू शकतो. बॅटरी पार उतरली तरी दांडा अडतो. (आपल्याकडच्या अनेक एएमटी गाड्यांत 'पी' नसतोच, चिखलदऱ्याच्या घाटात गाडी उभी करताना हँडब्रेक विसरू नका.)

१९८०च्या दशकात अमेरिकेत 'ऑडी ५०००' आपोआप सुसाट सुटते, अशा तक्रारी झाल्या. १९८७ मध्ये कंपनीने हेच कुलूप बसवण्यासाठी गाड्या परत बोलावल्या. १९८९ च्या सरकारी अहवालाने मुख्य कारण सांगितलं: चालकाचा पाय ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पडत होता.

इथे गाडीचा विषय माझ्या टेबलावर येतो. आपण पेडल बघून दाबत नाही. पाय कुठे आहे हे तळव्याच्या आणि सांध्यांच्या नसा मेंदूला कळवतात. जुन्या मधुमेहात नेमक्या याच नसा बोथट होतात. कुलूप पायाची परीक्षा घेतं ते 'पी'तून निघताना. पुढे राजकमल चौकाच्या गर्दीत पाय चुकला तर ते काही करू शकत नाही.

गुरुजींच्या उजव्या अंगठ्यावर ट्यूनिंग फोर्क टेकवला. "थरथर जाणवते?"

"कधी लावता जी?"

फोर्क केव्हाचा टेकलेला होता. पुढच्या तपासण्या होईपर्यंत चावी मुलाकडे राहील असं ठरलं. गुरुजींना ते फारसं पटलेलं दिसलं नाही.