एक देश, दोन न्यायासने

कोठेही गेले तरी पळसाला पाने तीनच, अशी आपल्याकडे म्हण आहे. अमेरिकेतील कायद्याला मात्र ती लागू पडत नाही. तेथे एका राज्याची सीमा ओलांडून दुसऱ्या राज्यात पाऊल टाकले की पानांची संख्या बदलते. गेल्या काही वर्षांत तेथील संघीय व राज्य न्यायालयांनी दिलेले निकाल एकत्र ठेवून वाचले असता हे ठळकपणे ध्यानात येते. आमच्या वाचकांपैकी अनेकांची मुले-नातवंडे त्या देशात नांदत आहेत; तेव्हा परक्याच्या घरचा कज्जा म्हणून या निकालांकडे पाठ फिरविता येणार नाही.

अमेरिकेची न्यायव्यवस्था दुहेरी आहे. संघराज्याची न्यायालये निराळी, पन्नास राज्यांची निराळी. प्रत्येक राज्याला स्वतःची घटना असून तिचा अर्थ लावण्याचा अखेरचा अधिकार त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा असतो. संघीय घटनेने दिलेले हक्क राज्यांना कमी करता येत नाहीत. त्यांत भर मात्र घालता येते. संघीय सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम ब्रेनन पूर्वी न्यू जर्सी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात होते. त्यांनी १९७७ मध्ये एका लेखातून राज्य न्यायालयांना या सामर्थ्याची आठवण करून दिली होती.

ती आठवण आज किती मोलाची आहे, हे दोन उदाहरणांवरून दिसेल. २४ जून २०२२ रोजी संघीय सर्वोच्च न्यायालयाने १९७३ चा निर्णय फिरवून गर्भपाताच्या हक्कावरील घटनात्मक छत्र काढून घेतले. पण कॅन्ससच्या सर्वोच्च न्यायालयाने आपल्या राज्यघटनेच्या आधारे हा हक्क २०१९ मध्येच मान्य केला होता, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये तेथील मतदारांनी तो काढून टाकणारी घटनादुरुस्ती फेटाळली. हवामानबदलाविषयी २१ तरुणांनी २०१५ मध्ये संघीय न्यायालयात दाद मागितली. ती २०२० मध्ये अपील न्यायालयात अडली. उलट, माँटाना राज्याच्या १९७२ च्या घटनेत स्वच्छ व आरोग्यदायी पर्यावरणाचा हक्क लिहिलेला असल्याने, १६ तरुणांच्या दाव्यावर त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये त्यांच्या बाजूने कौल दिला. एक दार मिटले, दुसरे उघडले.

परंतु दुसऱ्या दारावर विसंबणाऱ्याने उत्तर कॅरोलिनाची हकीकतही वाचावी. पक्षीय लाभासाठी मतदारसंघांची मोडतोड केल्याच्या तक्रारी आपण ऐकणार नाही, असे संघीय सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले. उत्तर कॅरोलिनाच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये आपल्या राज्यघटनेनुसार असे नकाशे रद्द केले. त्या राज्यात न्यायाधीश निवडणुकीने येतात. नोव्हेंबरात निवडणूक झाली, न्यायासनावरील बहुमत पालटले आणि एप्रिल २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने तोच निर्णय मागे घेतला. घटनेतील एक अक्षरही बदलले नव्हते; बदलली होती ती माणसे.

जून २०२५ मध्ये तर आपल्या अनेक कुटुंबांच्या जिव्हाळ्याचा प्रश्न पुढे आला. तात्पुरत्या परवान्यावर राहणाऱ्या मातापित्यांच्या, अमेरिकेत जन्मणाऱ्या मुलांना नागरिकत्व नाकारणारा अध्यक्षीय आदेश कनिष्ठ संघीय न्यायाधीशांनी देशभर रोखून धरला होता. सर्वोच्च न्यायालयाने आदेशाच्या वैधतेचा प्रश्न त्या दिवशी निकालात काढला नाही. कनिष्ठ न्यायाधीशांची मनाई दाद मागणाऱ्यांच्या संरक्षणापुरतीच असावी, एवढे सांगितले. न्यू हॅम्पशायरमधील न्यायाधीशाने जुलैमध्ये अशा सर्व बालकांचा एकच वर्ग मानून पुन्हा मनाई दिली खरी. पण मधल्या दिवसांत अनेक आईबापांना एकच प्रश्न पडला असेल: आपले मूल कोणत्या राज्यात जन्माला यावे?

असे प्रश्न आपल्याकडे उद्भवू नयेत, याचा विचार आपल्या घटनाकारांनी केला होता. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना अमेरिकेशी तुलना करून स्पष्ट केले की, भारतात राज्यकारभार दुहेरी असला तरी न्यायव्यवस्था एकसंध राहील. त्याचे फळ आपण पाहतो. अमेरिकेतील त्या निकालानंतर अवघ्या तीन महिन्यांनी, २९ सप्टेंबर २०२२ रोजी, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २० ते २४ आठवड्यांच्या गर्भपाताची कायदेशीर सवलत अविवाहित स्त्रियांनाही खुली केली. तो निकाल मुंबईला जसा लागू, तसाच गडचिरोलीला आणि गुवाहाटीला.

तथापि एकसंधतेचीही किंमत असते, हे आम्ही विसरू इच्छीत नाही. आणीबाणीत नऊ उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांना दाद मागण्याचा हक्क आहे असे म्हटले होते. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने ते सारे निर्णय पुसून टाकले. न्यायमूर्ती खन्ना यांचा तेवढा एक विरोधी आवाज उरला. हा निर्णय चुकीचा होता, हे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट शब्दांत नोंदविले ते २०१७ मध्ये. तुरुंगात महिने काढलेल्यांना त्याचा काय उपयोग?

म्हणूनच अमेरिकेचे निकाल वाचून केवळ आपल्या घटनेची पाठ थोपटणे आम्हांस पुरेसे वाटत नाही. दोन दारांच्या घरात एक दार लागले तरी माणूस दुसऱ्याने बाहेर पडतो. आपल्या घराला दार एकच आहे. त्या दारापाशी कोणास बसवायचे, त्यांची नेमणूक कशी व्हायची, आणि दार ठोठावणाऱ्याला किती वर्षे तिष्ठत उभे ठेवायचे, हे प्रश्न केवळ वकिलांच्या खोलीत चर्चिण्याचे नाहीत. ते घरातल्या प्रत्येकाचे आहेत.