वंगणाला लाकडाची साथ

बैलगाडीच्या आसाला एरंडेल किंवा तत्सम तेलाचे वंगण घालण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. पुढे खनिज तेल आणि ग्रीस आले व ही तेले मागे पडली. यामागे स्वस्ताईइतकेच एक शास्त्रीय कारणही होते.

वनस्पती तेलाचे रेणू धातूच्या पृष्ठभागाला चांगले चिकटतात, त्यामुळे घर्षण कमी होते. मात्र त्यांतील दुहेरी बंधांवर प्राणवायूची क्रिया होते. उष्णतेने ती वेगाने वाढते, तेल आम्लधर्मी होते, दाट व चिकट बनते. बीड जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर पिकणाऱ्या सोयाबीनच्या तेलात निम्म्याच्या आसपास लिनोलिक आम्ल असते. त्यामुळे हा दोष त्यात विशेष जाणवतो.

यावरचा एक उपाय लाकडात दडलेला आहे. लाकडाचा सुमारे २० ते ३० टक्के भाग लिग्निनचा असतो. तंतूंना एकत्र बांधणाऱ्या या पदार्थातील फिनॉल गट स्वतःचा हायड्रोजन देऊन ऑक्सिडीकरणाची साखळी तोडतात. कागद गिरण्यांत लगदा करताना लिग्निन वेगळे होते आणि त्यातील बहुतांश इंधन म्हणून जाळले जाते.

स्पेनमधील उएल्वा विद्यापीठाच्या संशोधकांनी एरंडेल व लिग्निन यांपासून ग्रीससारखे घट्ट मिश्रण तयार केले आहे. अडचण अशी, की लिग्निन तेलात सहज विरघळत नाही. त्यावर आधी रासायनिक प्रक्रिया करावी लागते. आयसोसायनेटसारखी विषारी रसायने टाळण्यासाठी इपॉक्सी गट जोडण्याचा मार्गही त्यांनी अवलंबिला.

बीडच्या दृष्टीने हा विषय दूरचा नाही. कापूस वेचून झाल्यावर उरणाऱ्या पऱ्हाट्या व उसाचे चिपाड या दोहोंतही लिग्निन असते. आज पऱ्हाट्या चुलीत किंवा बांधावर आणि चिपाड कारखान्याच्या बॉयलरमध्ये जळते. शिवाय बैलगाडीचा आस, रसवंतीच्या चरकाची दातेरी चाके यांसारख्या उघड्या भागांतील वंगण शेवटी जमिनीवरच सांडते. तेथे विघटन होणारे वंगण असणे हिताचे आहे.

अर्थात, लिग्निन काढण्याचा आणि त्यावरील प्रक्रियेचा खर्च खनिज ग्रीसच्या भावाशी जुळला पाहिजे. तो जुळला, तर एकाच शिवारातले तेल आणि त्याच शिवारातले सरपण मिळून शेतकऱ्याच्या पदरात चार पैसे जास्त टाकू शकतील.