पाच टनांचा नियम: बार्शी लाइटचे इंजिन आणि त्याची प्रतिकृती

बार्शी लाइट रेल्वेच्या ‘ए’ वर्गातील वाफेचे इंजिन समजून घ्यायचे, तर सुरुवात इंजिनापासून नव्हे, रुळापासून करावी लागते. कापूस आणि गळिताच्या धान्यांची पेठ असलेली बार्शी ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या मुंबई–मद्रास मार्गापासून सुमारे २१ मैल आत होती, त्यामुळे बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, या स्थानकापर्यंत माल पोहोचवण्यासाठी बैलगाडीचाच आधार होता. एवढ्याशा अंतरासाठी १,६७६ मिलिमीटर रुंदीचा ब्रॉडगेज मार्ग टाकणे परवडणारे नव्हते, आणि स्वस्त मार्ग टाकायचा तर त्यावरून भरपूर माल जाणार नाही, अशी त्या काळची समजूत होती.

ही समजूत खोडून काढण्याचे काम एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने केले. १८८२ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुलाच्या नोकरीत भारतात आलेल्या या माणसाने (पुढे वैमानिकांसाठी हवाई छत्री तयार करणाऱ्यांत त्याचे नाव अग्रक्रमाने येते) ७६२ मिलिमीटरचा, म्हणजे अडीच फुटांचा, नॅरोगेज मार्ग निवडला आणि त्यासाठी एकच नियम घालून घेतला: इंजिन असो वा मालडबा, कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडता कामा नये. आस म्हणजे समोरासमोरची दोन चाके जोडणारा पोलादी दांडा, आणि रुळाला सोसावे लागते ते गाडीचे एकूण वजन नव्हे, तर एकेका आसावरून उतरणारे वजन. म्हणूनच दर यार्डाला अवघे ३० पौंड वजनाचे हलके रूळ या मार्गाला पुरले, आणि डब्याखालील आसांची संख्या वाढवून प्रत्येकावर पुरेपूर भार घेता आल्यामुळे लहान गाडीतून मोठा माल नेणे शक्य झाले.

लीड्स येथील किटसन कंपनीने बांधलेली ‘ए’ वर्गाची इंजिने या नियमातूनच आकाराला आली. त्यांची चाकरचना ०-८-४ अशी लिहितात. पुढे आधाराची चाके नाहीत, मधली आठ चाके दांड्यांनी परस्परांशी जोडलेली, आणि मागे भार पेलणारी आणखी चार, असा तिचा अर्थ होतो. कोळसा-पाण्यासाठी मागे वेगळी गाडी, म्हणजे टेंडर, न जोडता हा साठा इंजिनाच्या अंगावरच वाहिला जाई, म्हणून ही ‘टँक’ इंजिने होत. जोडलेल्या आसांपैकी एकावर आलेली ताकद चारही आसांत वाटली जाते, आणि चाक रुळावर न घसरता किती ओढू शकेल हे या आसांवरील भारावर अवलंबून असते. चार आसांवर पाच-पाच टन, म्हणजे २० टन, आणि कोरड्या रुळावर त्याचा साधारण चौथा हिस्सा ओढीसाठी वापरता येतो, हे साधे गणित लक्षात घेतले की मालवाहतुकीच्या इंजिनाला इतकी चाके का, हे उलगडते. मोठ्या चाकांची डौलदार इंजिने सहज डोळ्यांत भरतात. पण अंगावरचे बहुतेक वजन कामाला लावणाऱ्या या बुटक्या इंजिनातली बुद्धिमत्ता अधिक कौतुकाची आहे.

१८९७ मध्ये बार्शीपर्यंतचा मार्ग सुरू झाला. १९०६ मध्ये तो पंढरपूरला पोहोचला आणि मालाच्या जोडीला वारकऱ्यांचीही ये-जा वाढली, १९११ मध्ये लातूर आणि १९२७ मध्ये मिरज जोडले गेले. १९५४ मध्ये सरकारने कंपनी विकत घेतली, आणि पुढे हा सारा मार्ग ब्रॉडगेज झाल्यामुळे मूळ अरुंद रूळ उखडले गेले.

अशा वेळी प्रमाणबद्ध प्रतिकृतीचे मोल वाढते. पुण्यात कोथरूड भागात भाऊ जोशी यांच्या छंदातून उभे राहिलेले आणि १९९८ मध्ये खुले झालेले लघुरेल्वे संग्रहालय १:८७ या प्रमाणाचे आहे. म्हणजे मूळच्या ८७ मिलिमीटरसाठी प्रतिकृतीत एक मिलिमीटर. या प्रमाणाचे बाजारात मिळणारे रूळ १६.५ मिलिमीटर रुंद असतात, कारण ते युरोपातील १,४३५ मिलिमीटरच्या मार्गावरून घेतलेले आहेत. भारतीय ब्रॉडगेजला खरे तर १९.३ मिलिमीटर हवेत, म्हणून तयार रुळांवर बसवलेल्या आपल्या मोठ्या इंजिनांच्या प्रतिकृती अंगाने रुंद आणि पायांत अरुंद दिसतात. बार्शीच्या ७६२ मिलिमीटरचे मात्र याच प्रमाणात ८.७६ होतात, आणि नऊ मिलिमीटरचे रूळ तर सहज मिळतात. जे इंजिन प्रत्यक्षात अरुंद मार्गावर धावले, तेच प्रतिकृतीत अधिक नेमके बसते.

वजनाची गोष्ट वेगळी. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही ८७ पटींनी घटल्या की वजन साडेसहा लाखांहून अधिक पटींनी घटते. सहा आसांवर पाच टनांप्रमाणे या इंजिनाचे वजन ३० टनांच्या आतले. त्याच धातूंची हुबेहूब प्रतिकृती केली, तर ती पन्नास ग्रॅमही भरणार नाही, आणि तिची चाके रुळावर नुसतीच गरगरतील. त्यामुळे प्रतिकृती बनवणारे कारागीर पोटात विजेची मोटर बसवल्यावर उरलेल्या जागेत, पाण्याच्या टाक्यांच्या पोकळीत, शिशाचे तुकडे भरतात, आणि त्यांचा भार जोडलेल्या चार आसांवर सारखा पडतो आहे का, हे पुन्हा पुन्हा तपासून पाहतात.